मधोमध घर नको, मग कुठे : नागपूरच्या दोन टोकांना नोकरी असलेल्या एका कुटुंबाच्या वस्ती-निवडीचा अभ्यास

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या भाचीची बदली नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक विद्युत केंद्रातून कोराडीच्या केंद्रात झाली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत जावईबापूंना विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली. दोघांचेही एकाच शहरात जुळून आल्याचा आनंद साहजिकच मोठा होता. नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर ‘दोघेही नागपुरातच, म्हणजे प्रश्नच मिटला’ हेच ऐकू येत होते. प्रश्न मात्र तिथूनच सुरू होत होता. कोराडी शहराच्या उत्तरेला आहे, मिहान दक्षिणेला वर्धा मार्गावर खापरीपाशी आहे आणि या दोहोंच्या मध्ये अठ्ठावीस ते तीस किलोमीटरचा रस्ता व जवळजवळ संपूर्ण नागपूर शहर आहे.

माझी नोकरीची तीस वर्षे नगररचनेच्या कामात गेली असल्यामुळे घर शोधण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. घर ठरेपर्यंत हे कुटुंब हनुमाननगरात माझ्याकडे राहिले. त्या सहा आठवड्यांत आम्ही काय पाहिले, कुठे चुकलो आणि शेवटी कोणत्या कारणाने एक वस्ती निवडली, ते सविस्तर लिहिले तर अशाच पेचात सापडलेल्या दुसऱ्या कुटुंबाला उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते. नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

कुटुंब आणि त्याच्या गरजा

घरात पाच माणसे. भाची अभियंता असून तिला आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत आळीपाळीने काम करावे लागते. जावयांची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी साडेसहा अशी ठरलेली, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा. मुलगी चौथीत जाणारी, सेमी-इंग्रजी माध्यमातली. तिला लहानपणापासून दम्याचा थोडा त्रास आहे आणि वर्षातून दोन-तीनदा वाफेचे औषध द्यावे लागते. मुलगा साडेतीन वर्षांचा. भाचीच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, मनाने खंबीर, परंतु दोन्ही गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्या जिना चढू शकतात. मात्र दिवसातून दुसऱ्यांदा चढावा लागला, तर त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडून उभे राहून स्वयंपाक होत नाही.

या पाच जणांपैकी घराबाहेर कमावणारी दोनच माणसे आहेत. परंतु सुरुवातीचे आठ-दहा दिवस आमची सगळी चर्चा त्या दोघांच्या प्रवासाभोवतीच फिरत राहिली.

मधोमधचा सल्ला

ज्याला विचारावे तो धरमपेठ, लक्ष्मीनगर किंवा बजाजनगर सांगत होता. दोघांना सारखेच अंतर पडेल, कोणावर अन्याय होणार नाही, शिवाय जुन्या मराठी वस्त्या, चांगल्या शाळा, वाचनालये, डॉक्टर सगळे हाताशी, असा तो विचार होता. पहिल्या दिवशी मीही हेच सुचवले. नकाशावर फूटपट्टी ठेवून मध्यबिंदू काढण्याची सवय माझ्या हाताला लागलेली आहे, आणि या प्रकरणात तीच सवय नडली.

भाचीने त्यावर एकच प्रश्न विचारला. “मामा, मधोमध राहिलो तर माझी दुपारची पाळी असताना मुलं किती वेळ आईंच्या एकटीच्या भरवशावर राहतील, ते काढून देता का?”

मी मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद घेतला. आडव्या ओळीत पहाटे पाचपासून रात्री एकपर्यंतचे तास मांडले, उभ्या रकान्यांत घरातली पाच माणसे लिहिली आणि तीन पाळ्यांसाठी असे तीन कागद केले. ज्या वेळी घरात दोघांपैकी कोणीही नसेल ते चौकोन लाल पेन्सिलने भरायचे ठरवले. मग दक्षिणेचे बेसा, मधले धरमपेठ आणि उत्तरेचा कडबी चौक अशा तीन ठिकाणी घर आहे असे धरून दुपारच्या पाळीचा कागद तीनदा भरला.

बेसा येथे घर असेल, तर भाचीला दुपारी दोन पस्तीसला निघावे लागेल आणि जावई सात वाजून पाच मिनिटांनी पोहोचतील. धरमपेठेतून ती दोन पंचावन्नला निघेल, ते सात पंचवीसला येतील. कडबी चौकातून ती सव्वातीनला निघेल, ते पावणेआठला येतील. तिन्ही कागदांवर लाल पट्टा साडेचार तासांचाच आला. मला वाटले बेरीज चुकली, म्हणून पुन्हा मांडली, उत्तर तेच. आणि विचार केल्यावर लक्षात आले की दुसरे काही येणे शक्यच नव्हते. दोन्ही नोकऱ्या एका सरळ उत्तर-दक्षिण रेषेच्या टोकांना असताना घर त्या रेषेवर कुठेही सरकवले, तर एकाचा जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्याचा जातो. पोकळी तेवढीच राहते, दिवसात फक्त थोडी पुढे किंवा मागे सरकते.

या एका कागदाने सगळ्या शोधाची दिशा बदलली, हे मी आवर्जून नोंदवतो. ही पोकळी कोणत्याही वस्तीच्या अंतराने भरून निघणार नव्हती. ती भरणार असेल तर आजूबाजूच्या माणसांनी, घराच्या रचनेने, शाळा आणि डॉक्टर किती पावलांवर आहेत त्याने भरणार होती. त्यामुळे ‘घर कोणाच्या कार्यालयाजवळ’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि त्याऐवजी दोन प्रश्न समोर ठेवले. दुपारी सव्वातीन ते रात्री पावणेआठ या वेळात गुडघे दुखणारी आजी आणि दोन मुले या वस्तीत कशी राहतील? आणि दोघांच्या प्रवासांपैकी कोणाचा प्रवास अधिक धोक्याचा आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. भाचीला महिन्यातले काही दिवस मध्यरात्रीनंतर एकटीने गाडी चालवत परतायचे होते आणि काही दिवस रात्रभर जागून सकाळी झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी. कोराडीला मेट्रो जात नाही. २०२२ मध्ये मंजूर झालेला दुसरा टप्पासुद्धा उत्तरेला कन्हानकडे जातो, कोराडीकडे नाही. जावयांचा प्रवास लांबला तरी तो ठरलेल्या वेळी आणि बसून होण्यासारखा होता, कारण ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही मेट्रोची मार्गिका शहराच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत गाडी न बदलता जाते. तिचा खापरी ते सीताबर्डी हा भाग २०१९ पासून आणि उत्तरेकडचा भाग डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. घर उत्तरेकडे असावे, हे त्यावरून ठरल्यासारखेच झाले. जावईबापूंनीच ते बोलून दाखवले, “मामा, माझे अंतर वाढले तरी चालेल, हिचे रात्रीचे कमी होऊ द्या.” तरीही दक्षिणेची आणि मधली घरे आम्ही पाहिली, कारण एखादी वस्ती इतकी चांगली निघू शकते की तिच्यासाठी प्रवास सोसावा, ही शक्यता मला सोडायची नव्हती.

पाहिलेली घरे

बेसा, बेलतरोडी आणि मनीषनगर हा भाग मिहानच्या नोकरदारांचा आवडता आहे आणि त्याला कारणे आहेत. इमारती नव्या आहेत, लिफ्ट आहे, आवारात मुलांना खेळायला जागा आहे, शेजारी तरुण कुटुंबे आहेत आणि किराया बेताचा आहे. दोन शयनगृहांची एक स्वच्छ सदनिका आम्हाला तेरा हजारांत दाखवण्यात आली. दलाल म्हणाला, पाण्याची चिंता करू नका. मी खाली जाऊन चौकीदाराशी बोललो. त्याच्या खुर्चीच्या मागे भिंतीला गुंडाळी करून टांगलेला जाड निळा पाइप होता, टोकाला घासून घासून पांढरा पडलेला. हा कशाला म्हणून विचारले, तर तो सरळपणे म्हणाला, “टँकर लावाले लागते ना जी. मार्चपासून एक दिवसाआड, मे महिन्यात रोज.” चोवीस सदनिका आणि दहा हजार लिटरचा टँकर, म्हणजे घरटी चारशे लिटरांच्या आसपास.

नाशिकहून आलेल्या कुटुंबाला चारशे लिटर पुरेसे वाटले. इथे नागपूरकर म्हणून मला एक गोष्ट समजावून सांगावी लागली. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मध्यमवर्गीय घर एप्रिल ते जून कूलरवर चालते. मोठा कूलर दिवसभर चालला की शंभरभर लिटर पाणी सहज पितो, आणि दोन खोल्यांत दोन कूलर असले की चारशेपैकी निम्मे पाणी तिथेच जाते. म्हणून नागपुरात पाण्याचा प्रश्न आणि उन्हाचा प्रश्न वेगवेगळे विचारता येत नाहीत. घर पाहताना नळाला पाणी किती वेळ येते हे विचारावे, आणि त्याच वेळी खिडकीबाहेर कूलरचा स्टँड बसवायला जागा आहे का, घर सर्वांत वरच्या माळ्यावर आहे का, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, हेही पाहावे. ती सदनिका सर्वांत वरच्या माळ्यावर होती आणि तिची सगळी पश्चिम भिंत उघडी होती. सासूबाईंनी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. दुपारचे चार वाजले होते.

धरमपेठ-शंकरनगरच्या पट्ट्यात नाग नदीपासून काही अंतरावर तळमजल्याचे एक घर मिळत होते. घर मोठे, पुढे अंगण, अंगणात पारिजातक, आणि त्या भागाच्या मानाने किराया फारच कमी. भाचीचे मन तिथेच बसले होते. मी विजेच्या मीटरकडे पाहत होतो. जुन्या घरांत मीटरची पेटी जिथे असते तिथे फक्त चौकोनी डाग आणि बुजवलेली भोके होती. पेटी माझ्या डोक्याच्या वर नवीन सिमेंटमध्ये बसवलेली होती. कुंपणाच्या भिंतीवर रंग नवा होता, पण मागच्या बाजूला, जिथे रंगाऱ्याचा हात पोहोचला नव्हता, कमरेच्या उंचीवर मातीची रेघ स्पष्ट दिसत होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या घरात पाणी शिरले. ती रात्र आठवली की आजही मला त्रास होतो. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी तळमजला हवा, ही आमची अट होती. पण जिथे पहाटे तीन वाजता तळमजल्यावर पाणी येऊ शकते तिथे तीच अट जिवावर बेतू शकते. भाचीला मी रेघ दाखवली. ती काही बोलली नाही, पारिजातकाची चार फुले वेचली आणि आम्ही निघालो.

धरमपेठ परिसरात उंचावरची चांगली घरेही आहेत, परंतु ती पंचवीस हजारांच्या पुढे होती आणि बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या माळ्यावर, लिफ्टशिवाय.

कोराडीची केंद्राची वसाहत हा सर्वांत सबळ प्रतिस्पर्धी होता, आणि तो आम्ही नाकारला याची मला अजूनही थोडी रुखरुख आहे. तिथे शेजारी सगळे पाळीत काम करणारे असतात; एकाच्या घरातले मोठे माणूस कामावर गेले की दुसऱ्याचे घरी असते, आणि मुले कोणाच्याही घरी जेवून येतात. आमच्या कागदावरचा लाल पट्टा तिथे शेजारपणाने आपोआप भरून निघाला असता. परंतु कोराडी आणि जवळचे खापरखेडा ही कोळशावर चालणारी मोठी केंद्रे आहेत, आणि त्या भागात घरातल्या ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या राखेची तक्रार जुनीच आहे. जिच्या छातीत वर्षातून दोन-तीनदा घरघर होते अशा मुलीला तिथे कायमचे राहायला नेणे मला पटले नाही. तिच्या बालरोगतज्ज्ञांनाही फोनवर विचारले. त्यांनीही टाळता येत असेल तर टाळा, असेच सांगितले. जावयांना तिथून खापरीपर्यंतचा सगळा रस्ता गाडीने काढावा लागला असता, तो मुद्दा मग चर्चेत फारसा आलाच नाही. मुलीला हा त्रास नसता, तर मी वसाहतच सुचवली असती.

झिंगाबाई टाकळी आणि गोधनी मार्गावरची दोन घरे मेट्रोपासून लांब असल्याने लवकर बाद झाली.

कडबी चौक

उरला तो कडबी चौकापासून क्लार्क टाऊन, बैरामजी टाऊन आणि छावणीपर्यंतचा भाग. ‘चांगल्या वस्त्या’ म्हटल्यावर मराठी नोकरदारांच्या तोंडी हा भाग सहसा येत नाही, कारण आपल्या नजरेत नागपूर म्हणजे पश्चिम नागपूर. कामठी मार्गावर अनेक वर्षे बांधकाम चालल्यामुळे लोकांच्या मनात तिथली धूळ आणि कोंडी बसलेली आहे. मात्र एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा ५.६२ किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला आणि चित्र पुष्कळ बदलले. याच मार्गावर गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशा चार पातळ्या एकमेकींवर आहेत. इतकी वर्षे या क्षेत्रात काम करूनही मी तिथे मान वर करून पाहत उभा राहतो.

वस्तीची परीक्षा आम्ही रविवारी घेतली नाही. घर पाहणारे बहुतेक लोक रविवारी सकाळी जातात, आणि रविवारी सकाळी कोणतीही वस्ती शांत, रिकामी आणि सुखद दिसते. आम्ही बुधवारी गेलो. भाची दुपारच्या पाळीच्या वेळेला तिथून निघून मानकापूरमार्गे कोराडीला जाऊन आली. बारा किलोमीटरला तिला पस्तीस मिनिटे लागली, त्यातली आठ मानकापूरच्या चौकात. दुसऱ्या एका रात्री साडेबाराला मी तिच्या शेजारी बसून तोच रस्ता परत आलो. रस्त्यावर दिवे होते, पेट्रोल पंप उघडा होता, चहाच्या दोन टपऱ्या चालू होत्या. जावयांनी कडबी चौक स्थानकातून मेट्रो धरली आणि चौदाव्या थांब्याला खापरीला उतरले, अडतीस मिनिटे लागली. खापरीपासून कंपनीच्या दारापर्यंतचा टप्पा हा या प्रवासातला सर्वांत कच्चा दुवा निघाला. फीडर बस चुकली की ऑटोसाठी तिष्ठावे लागते, आणि मे महिन्यातल्या उन्हात ते तिष्ठणे सोपे नाही.

सासूबाईंना मी दुपारी चार वाजता त्या गल्लीत घेऊन गेलो आणि एका ओळखीच्या घरी अडीच तास बसवून ठेवले. त्यांनी जे पाहिले ते माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला नकाशावर कधी दिसले नसते. घरी परतल्यावर त्या म्हणाल्या, “पाच वाजता समोरच्या बाई बाहेर खुर्ची टाकून बसल्या, साडेपाचला गल्लीतली सात-आठ मुलं खेळायला आली, आणि एक पडलं तर तीन घरांतून माणसं बाहेर आली.” गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, संध्याकाळी सहा ते नऊ उघडा. औषधाचे दुकान त्याला लागून. मेयो रुग्णालय तीनएक किलोमीटरवर, आणि धंतोली-रामदासपेठेतल्या विशेषज्ञांकडे जायला मेट्रोने काँग्रेसनगर.

याच गल्लीत तळमजल्याचे दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेले घर अठरा हजारांत मिळाले. घरमालक निवृत्त जोडपे, वरच्या माळ्यावर स्वतः राहणारे. बेसाच्या नव्या सदनिकेपेक्षा पाच हजार जास्त, फरशी जुनी, न्हाणीघर अंधारे. जावयांना ते घर पाहताक्षणी आवडले नाही, हेही लिहायला हवे. त्यांचे म्हणणे होते की किरायात पैसे घालवण्यापेक्षा दक्षिणेला हप्त्यावर सदनिका घ्यावी. मी त्यांना एवढेच सांगितले की भाचीची बदली पुन्हा होऊ शकते, तुमची कंपनी नवी आहे, आणि नागपुरात सदनिका घेण्यापूर्वी मंजूर नकाशा महानगरपालिकेचा आहे, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासाचा) आहे की एनएमआरडीएचा (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), जागा आरएल झालेली म्हणजे नियमित केलेली आहे का, नझूलची म्हणजे सरकारी मालकीची आहे का, प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, ही सगळी तपासणी शांतपणे करायला सवड लागते. ती जुलैत सामान ट्रकमध्ये असताना होत नाही. ते दोन दिवस गप्प होते, मग हो म्हणाले.

शाळेचा विचार घराच्या आधी करावा लागला. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्येच सुरू झालेल्या होत्या. विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. ती सवड आमच्या कामी आली आणि सदरच्या बाजूला सेमी-इंग्रजीच्या सकाळच्या सत्रात प्रवेश मिळाला. पश्चिम नागपुरातल्या नामांकित मराठी शाळांच्या तुलनेत ही साधी शाळा आहे. परंतु मुलगी साडेबाराला सुटते, पाऊण तासात घरी येते आणि दुपारच्या पाळीच्या दिवशी तिला आईच्या हातचे जेवण आणि दोन तास मिळतात. घराचा ताबा मिळेपर्यंत तीन आठवडे मी तिला हनुमाननगराहून माझ्या स्कूटरवर पोहोचवले.

अनामत रक्कम देण्यापूर्वी मी एका मोठ्या पावसाची वाट पाहिली. घरमालकांना उशीर आवडला नाही, दलालाने दुसरे गिऱ्हाईक असल्याचे सांगितले, तरी मी थांबलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाऊस लागला. त्या दिवशी मी नरेंद्रनगरच्या रेल्वेखालच्या रस्त्याने जाण्याचा विचारही केला नाही, कारण तिथे पाणी हमखास भरते. लांबच्या वाटेने कडबी चौकात पोहोचलो. गल्लीत घोट्याइतके पाणी होते, ते तासाभरात ओसरले. घराचा ओटा रस्त्यापासून अडीच फूट वर, आत ओल नाही, गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) तुंबलेली नाही. त्याच संध्याकाळी अनामत दिली आणि पुढच्या आठवड्यात अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेतला.

आठ महिन्यांनंतर

लाल पट्टा आजही साडेचार तासांचाच आहे. दुपारच्या पाळीत वरच्या काकू पाच वाजता खाली येतात आणि सासूबाईंबरोबर चहा घेतात. त्यासाठी त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून भाचीने त्याचे पैशांत काही करायचेही टाळले आहे. त्याऐवजी ती त्यांच्या विजेच्या आणि कराच्या बिलांचे काम मोबाइलवर करून देते. ऑक्टोबरमध्ये मुलीला एकदा दम लागला, तेव्हा दोघेही घरी नव्हते. सासूबाई तिला घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात चालत गेल्या आणि भाची पोहोचेपर्यंत वाफ देऊन झाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, घरमालकांनी धाकट्याला चाकांचा लाकडी बैल आणून दिला. नाशिकच्या मुलाला त्यातले काही ठाऊक नव्हते. दुपारपर्यंत तो गल्लीतल्या मुलांमागे बैल ओढत घरोघरी फिरून खिशात नाणी घेऊन आला. रविवारी त्याला मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय दाखवायला नेणे हे आता माझे काम झाले आहे.

जमले नाही तेही सांगतो. जावयांचा दारापासून दारापर्यंतचा प्रवास तासापेक्षा अधिक होतो आणि पावसाळ्यात खापरीपुढचा टप्पा त्यांना फार दमवतो. घरून कामाचे दोन दिवस नसते, तर त्यांनी हे सोसले असते असे मला वाटत नाही. त्यांचे सहकारी सगळे दक्षिणेकडे राहतात, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्यात मिसळणे होत नाही, आणि हे एकटेपण मी त्या कागदावर मांडलेच नव्हते. नाटक, व्याख्याने, वाचनालय यांसाठी दर वेळी पश्चिमेकडे जावे लागते. न्हाणीघर अजून अंधारेच आहे.

करार जूनमध्ये संपतो. भाचीला वर्षअखेर पाळीतून जनरल शिफ्टमध्ये घेण्याची शक्यता आहे, आणि तसे झाले तर मध्यरात्रीचा प्रवास थांबेल आणि घर उत्तरेकडेच असण्याचे मुख्य कारण उरणार नाही. मागच्या रविवारी तिने कपाटातून ते तीन कागद काढले. मुलीने मध्यंतरी एका कागदाच्या मागे चित्र काढले आहे, लाकडी बैलाचे. ते तसेच ठेवून आम्ही चौथा कागद आखायला घेतला आहे.